पाहुणा यावा, मालक होऊ नये

राज्य रस्ते विकास महामंडळाने २०२४ साली ‘नवीन महाबळेश्वर’ या गिरिस्थान प्रकल्पाचा प्रारूप आराखडा हरकती आणि सूचनांसाठी लोकांपुढे ठेवला. सातारा जिल्ह्यातली २३५ गावं त्यात येतात: कोयनेच्या जलाशयाभोवतालची खोरी, त्यांच्यावरचे सडे, सड्यांच्या कडेला चिकटलेल्या वाड्या. आराखड्यावरचा वाद ठरलेल्या वाटेने गेला. विरोध करणाऱ्यांनी जैवविविधता, वन्यप्राण्यांच्या वाटा आणि दरडींचा धोका पुढे केला. बाजूने बोलणाऱ्यांनी रोजगार, रस्ते आणि मुंबईकडे जाणारी रीघ थांबण्याची आशा दाखवली. दोन्हींत तथ्य आहे. पण प्रकल्प पुरा होईल तेव्हा या गावांच्या सातबाऱ्यांवर नावं कोणाची असतील, हा प्रश्न दोघांपैकी कोणीच पुरेसा लावून धरला नाही. डोंगरात माणसं येणं आणि डोंगरातली जमीन विकत घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आपण ‘पर्यटन’ या एकाच नावाखाली मोजतो आणि हिशेब तिथेच चुकतो. येणाऱ्या माणसाकडून गावाला दरवर्षी पैसा मिळू शकतो. जमीन घेणाऱ्याकडून तो एकदाच मिळतो, आणि मिळतो तो त्या घरातल्या एका पिढीला. सह्याद्रीतली गावं वसती राहायची असतील तर येणाऱ्याचं स्वागत करावं आणि त्याच्या मालकीवर मर्यादा घालावी, आणि ती मर्यादा किती हे मंत्रालयापेक्षा ग्रामसभेने ठरवावं, असं माझं म्हणणं आहे.

डोंगरात राहणं म्हणजे बारा महिने राहणं. पाहायला येणाऱ्याचा डोंगर सप्टेंबरच्या फुलांचा, डिसेंबरच्या थंडीचा, मे महिन्यातल्या गार वाऱ्याचा आणि पावसातल्या शनिवार-रविवारचा असतो. राहणाऱ्याच्या वाट्याला उरलेलंही येतं. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्याच पट्ट्यातल्या वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये झऱ्याच्या डबक्यात पाणी साचेपर्यंत हंडा घेऊन बसावं लागतं. पावसाआधी सरपण, धान्य, मीठमिरची, गुरांची वैरण घरात भरून ठेवायची, भिंतींना पावसाच्या अंगाने आडोसा बांधायचा, उतारावर नाचणी-वरई आणि खाचरात भात करायचा, तेही रानडुक्कर आणि गव्यापासून राखून. बाळंतीण अडली तर डोली करून खालच्या रस्त्यापर्यंत न्यायची. कांदाटी खोऱ्यातल्या कित्येक गावांना तापोळा-बामणोलीकडे यायचं तर मध्ये कोयनेचं पाणी आहे. तिथे लाँच हीच एसटी. आणि पावसाळ्यात डोक्यावरचा डोंगर जागेवर राहील याची खात्री नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीयेत ऐंशीहून अधिक, आणि जुलै २०२३ मध्ये खालापूरच्या इर्शाळवाडीत एका रात्रीत वाडीचा मोठा भाग. या वाड्यांची नावं बाहेरच्या जगाला कळली ती त्या घटनांनंतर.

हे सगळं सोसूनही माणसं राहतात, पण त्यांचं राहणं काही मोजक्या गोष्टींवर तोललेलं असतं आणि त्या गोष्टींना डोकी लागतात. शाळेला पट लागतो. एसटीच्या मुक्कामी गाडीला प्रवासी लागतात. किराणा दुकानाला रोजचं गिऱ्हाईक लागतं, उपकेंद्रातल्या नर्सबाईंची नेमणूक टिकायला लोकसंख्या लागते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार सरकारने २०२३ साली मांडला, तेव्हा पहिली झळ कुणाला बसणार हे नकाशा बघणाऱ्या कुणालाही सांगता आलं असतं. आता वाडीवर शहरातल्या लोकांची दहा टुमदार घरं उठली असं समजा. घरांची संख्या वाढली, कागदावर गाव भरलं. त्या घरांतलं एकही मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव घालत नाही. त्यातला कुणी मुक्कामी एसटीने जात नाही, जुलैत ओढा फुटला तर बांध घालायला येत नाही. राखणदार म्हणून गावातला एखादा माणूस पगारावर राहतो, ही त्या घरांची गावाशी असलेली एकमेव सोयरीक. वर्षातले अकरा महिने कुलूप असलेलं घर शेजार देत नाही, आणि शेजाराशिवाय डोंगरातलं म्हातारं माणूस एक पावसाळाही काढू शकत नाही. पर्यटनाने स्थलांतर थांबतं हे विधान म्हणूनच तपासून घ्यावं लागतं. उत्तराखंडात चारधामला दरवर्षी लाखो यात्रेकरू जातात, आणि त्याच राज्याच्या पलायन आयोगाने २०१८ मध्ये सांगितलं की २०११ नंतरच्या काही वर्षांतच ७३४ गावं निर्जन झाली. यात्रेचा रस्ता ज्या गावांतून जातो तिथे पैसा थांबला. डाव्या-उजव्या डोंगरांवर त्याचा थेंब चढला नाही.

म्हणजे पाहुणे नकोत का? उलट, पाहुण्यांनी गाव तगल्याची उदाहरणं आपल्याच डोंगरांत आहेत, आणि त्यांत एक गोष्ट समान आहे. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत पावसाच्या तोंडाशी काजवे बघायला लोक येतात, गावकऱ्यांच्या घरात उतरतात, त्यांच्या चुलीवरचं जेवतात. घरं गावकऱ्यांची, वाट दाखवणारे गावातले, पाळी लावणारंही गावच. ही वस्ती महादेव कोळ्यांची आहे, आणि आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींच्या नावावर सहजासहजी जाऊ न देणारी तरतूद महाराष्ट्राच्या महसूल कायद्यात आहे. पळवाटा पुष्कळ आहेत, कुलमुखत्यारपत्रं आहेत, लांब मुदतीचे भाडेकरार आहेत; तरी सरसकट विक्रीला ती तरतूद आडवी येते. काजव्यांच्या हंगामात भंडारदऱ्याकडे गाड्यांच्या रांगा लागतात आणि हेडलाइटच्या उजेडात काजवे दिसेनासे होतात, ही तक्रार खरी आहे. मात्र अशा गर्दीचा बंदोबस्त पुढच्या हंगामापर्यंत करता येतो. विकून गेलेल्या डोंगरउताराबाबत पुढच्या हंगामाला करण्यासारखं काही उरत नाही. पाचगणीजवळच्या भिलारचं उदाहरण वेगळ्या जातीचं आहे. ४ मे २०१७ पासून ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं. पुस्तकं ठेवली ती गावकऱ्यांच्या घरांत, देवळात, शाळेत. वाचायला येणारा माणूस कुणाच्या तरी ओसरीवर बसतो. आधीपासून स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या या गावाला पाहुणा ही जोडकमाई आहे, आणि जमीन हातात असल्यामुळेच ती जोड आहे.

कासचं पठार याहून गुंतागुंतीचं, म्हणून जास्त शिकवणारं. पश्चिम घाटातली ३९ स्थळं २०१२ साली जागतिक वारशात गेली, त्यांत महाराष्ट्राची चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. वारशाची बातमी आली आणि फुलांवर माणसं तुटून पडली. मग वनखात्याने आणि भोवतालच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांनी मिळून प्रवेशशुल्क, आगाऊ नोंदणी, दिवसाला तीन हजारांची मर्यादा अशी घडी बसवली. हंगामात त्या गावांतली पोरं-पोरी वाटाडे, राखणदार, तिकीट फाडणारे म्हणून उभी राहतात आणि शुल्कातला पैसा समितीकडे येतो. यात चुकाही झाल्या. पठाराला जाळीचं कुंपण घातलं, गुरं बंद केली; काही वर्षांनी अभ्यासकच म्हणू लागले की चराई थांबल्याने गवत माजतं आणि बुटकी फुलं मागे हटतात. शेवटी ते कुंपण काढावं लागलं. गुराख्याला हे आधी विचारलं असतं तर तारेचा खर्च वाचला असता, असं म्हणण्याचा मोह होतो. पण मला यातलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. पठार कुणाच्या खासगी मालकीचं झालेलं नव्हतं, म्हणून चूक दुरुस्त करता आली. त्याच वेळी साताऱ्याहून कासला जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा, यवतेश्वरच्या पुढे, हॉटेलं आणि बंगले उठत गेले. त्यांतल्या बेकायदा बांधकामांवर वर्षानुवर्षं नोटिसा, सुनावण्या आणि स्थगित्या चालू आहेत. फुलं बघायला येणाऱ्यांची शिस्त काही हंगामांत लागली, रस्त्याकडेच्या मालकांची अजून लागलेली नाही. पाहुण्याला नियम लावणं आणि मालकाला नियम लावणं यांत किती अंतर आहे, हे वीस-पंचवीस किलोमीटरच्या त्या एका रस्त्यावर दिसतं.

मालकी कुठल्या जागेची, यालाही डोंगरात वेगळं वजन आहे. महाबळेश्वर-पाचगणीपासून कासपर्यंतच्या माथ्यांवर जांभ्याचा थर आहे. जांभा सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यात मुरतं, खालच्या चिकण थराशी आणि काळ्या बसाल्टशी अडतं आणि कड्याच्या पोटातून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. खालच्या वाडीचं उन्हाळ्यातलं पाणी म्हणजे वरच्या सड्यात चार महिने मुरलेला पाऊस. सड्यावर ज्याला नजारा हवा तो नेमकी ही जागा विकत घेतो. तिथे फरशी घातली, गाड्यांसाठी तळ केला, बोअर मारली, पोहण्याचा तलाव भरला की त्याचे परिणाम त्याला दिसत नाहीत. ते पाचशे फूट खाली मेमध्ये दिसतात. सपाटीवर शेजाऱ्याने विहीर खोदली तर निदान भांडता येतं, कारण दोघांचं पाणी डोळ्यांसमोर आहे. इथे खालच्या बाईने कुणाशी भांडायचं? शिवाय वरचा मालक तेव्हा पुण्यात असतो. पर्यावरणाच्या नियमांनी हे आवरता येईल, मालकीला हात लावायची गरज नाही, असं म्हणणाऱ्यांनी महाबळेश्वराकडेच बघावं. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. माथेरान २००३ पासून. माथेरानात मोटार बंद ठेवण्याचा नियम बराचसा टिकला, कारण मोटार दिसते आणि घोडेवाल्यापासून हमालापर्यंत शेकडो माणसांचं पोट तिच्या न येण्यावर आहे. महाबळेश्वरात बांधकामाचे नियम मोडले जातात, मोडलेले नियमित होतात, पुन्हा मोडतात. नियम पाळला जाण्यात जिथे राहत्या माणसाचा रोजचा स्वार्थ गुंतलेला असतो तिथे तो टिकतो, इतर ठिकाणी तो फाईलमध्ये राहतो.

गुंतवणुकीचा आक्षेप मोठा आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. डोंगरी शेतीत भांडवल येत नाही. जमिनीवर हक्क मिळाल्याशिवाय बाहेरचा माणूस पैसा का घालेल? यावर आपल्याकडे एक मोठा प्रयोग होऊन गेला आहे. १९९६ मध्ये राज्याने खासगी गिरिस्थानांसाठी खास नियम केले आणि त्यांच्या आधाराने वरसगाव धरणाच्या काठी मोसे खोऱ्यात लवासा उभं राहिलं. २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, पुढे अटींवर परवानगी मिळाली, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. परवानग्यांचा आणि राजकारणाचा भाग बाजूला ठेवू. त्यावर पुरेसं लिहिलं गेलं आहे. दिवाळखोरीत कंपनीची जमीन ही घेणेकऱ्यांच्या वसुलीची मालमत्ता ठरते, इतकंच इथे बघायचं. बँकांचा दावा लागतो, घर नोंदवलेल्यांचा लागतो. ज्याने डोंगर विकला त्याचा कुठलाच दावा नसतो, कारण त्याचा व्यवहार पुरा झालेला असतो. गावकऱ्याने घराची खोली भाड्याने दिली आणि पाहुणे आटले, तर खोली त्याची राहते. तिथे तो पुन्हा भात भरतो. जमीन विकल्यावर धंदा बुडाला तर बुडालेल्या धंद्याचे सांगाडे त्याच्या जुन्या बांधावर उभे राहतात आणि तो खालच्या गावात मजुरी शोधतो. जोखीम अशी वाटली जात असेल तर तिला गुंतवणूक म्हणताना जपावं. शिवाय पैसा मालकीशिवाय येतच नाही हेही खरं नाही. हिमाचल प्रदेशात १९७२ च्या कायद्यातल्या ११८ व्या कलमाप्रमाणे राज्यातल्या शेतकऱ्याखेरीज कुणालाही शेतजमीन घ्यायला सरकारची परवानगी लागते. त्याने मनाली ओस पडली नाही. खरं तर तिथे कमी गर्दी झाली असती तर बरं, अशी अवस्था आहे. हा कायदा तिथलं बेताल बांधकाम थांबवू शकला नाही हे मान्य. तो तेवढ्यासाठी केलेलाही नव्हता.

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी असा नियम कूळकायद्याच्या ६३ व्या कलमात आहेच, मग नवं काय हवं, असं विचारलं जाईल. पण तो नियम ‘शेतकरी कोण’ एवढंच विचारतो, ‘कुठला’ हे विचारत नाही. राज्यात कुठेही दहा गुंठे नावावर असले की माणूस शेतकरी होतो आणि कांदाटीच्या खोऱ्यातही जमीन घेऊ शकतो. उद्योग आणि नगरवसाहतींसाठी दिलेल्या सवलती आणखी वेगळ्या. त्याच खोऱ्यातल्या झाडाणीचं प्रकरण २०२४ मध्ये गाजलं: जवळजवळ अख्ख्या गावाची जमीन मोजक्या बाहेरच्या लोकांकडे गेल्याचा आरोप झाला. चौकशीत जे निघायचं ते निघो. असा व्यवहार शक्य आहे यावर कुणी आश्चर्य व्यक्त केलं नाही, हे मला त्या बातमीपेक्षा बोलकं वाटतं.

खरा अवघड आक्षेप शेतकऱ्याच्या हक्काचा आहे. जमीन त्याची. तिच्यावर वर्षाला दोन पोती नाचणी निघते, मुलीचं शिक्षण आणि बापाचं ऑपरेशन त्यातून होत नाही. शहरातला माणूस आपला फ्लॅट हव्या त्याला विकतो, आणि डोंगरातल्याने मात्र निसर्ग राखण्यासाठी, दुसऱ्यांच्या सहलींसाठी, लेखकांच्या विचारांसाठी गरीब राहावं? या प्रश्नात जो राग आहे तो रास्त आहे. कोयनेच्या खोऱ्याने तर तो पिढ्यान् पिढ्या साठवला आहे. धरणाने गावं उठवली आणि पुनर्वसनाचे प्रश्न दशकानुदशकं रेंगाळले. १९८५ मध्ये अभयारण्य झालं, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प, २०१२ मध्ये जागतिक वारसा. दर वेळी निर्णय बाहेर झाला आणि गावाला तो कळवण्यात आला. अशा माणसाला आता विक्रीबंदीही वरूनच सांगितली तर तो ती झुगारेल, आणि त्याचं चुकणार नाही. स्वित्झर्लंडचा अनुभव इथे दोन्ही अंगांनी उपयोगी पडतो. ११ मार्च २०१२ च्या जनमतात तिथल्या मतदारांनी निसटत्या बहुमताने, ५०.६ टक्क्यांनी, ठरवलं की कुठल्याही गावात सुट्टीपुरती वापरायची दुसरी घरं वीस टक्क्यांवर जाऊ नयेत. आल्प्समधल्या गावांत वर्षभर बंद खिडक्यांच्या रांगा वाढल्या होत्या आणि स्थानिक तरुणाला राहायला घर परवडत नव्हतं, हे त्यामागचं कारण. मर्यादा घातल्याने तो देश पर्यटकांना मुकला नाही. मात्र व्हॅलेसारख्या डोंगराळ प्रांताने याच प्रस्तावाला मोठ्या बहुमताने विरोध केला होता. शहरांनी डोंगरासाठी मत दिलं आणि डोंगराच्या मनात ते राहून गेलं. म्हणून मर्यादा हवी आणि ती शहराने घालू नये, या दोन गोष्टी मी एकत्रच मांडतो.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाटविषयक समितीने २०११ च्या अहवालात काहीसं असंच सुचवलं होतं: संवेदनशील क्षेत्रांची वाटणी ही सुरुवात समजावी, अंतिम रेषा ग्रामसभांशी बोलून ठरावी. तो अहवाल गावांत पोचला तो मात्र विरोधकांच्या तोंडून, ‘आता घराला खिळा मारायलाही परवानगी लागेल’ अशा रूपात. पुढे कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा अहवाल आणि २०१४ पासून पुन्हापुन्हा निघालेल्या मसुदा अधिसूचना आल्या. जुलै २०२४ मध्ये निघालेल्या अधिसूचनेतही सहा राज्यांतल्या ५६,८२५ चौरस किलोमीटरची चर्चा आहे, रेषा ग्रामसभेशी बोलून ठरवण्याची नाही. गावाला विचारलं तर गाव विकूनच टाकेल, असं यामागे गृहीत धरलेलं दिसतं. सिंधुदुर्गातल्या सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्याने त्याला उत्तर दिलं आहे: खाणी डोक्यावर येताहेत हे दिसल्यावर तिथल्या ग्रामसभांनी आपलं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या असे ठराव आपणहून केले, आणि त्या पंचवीस गावांचा प्रश्न पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला. सुटा शेतकरी एजंटसमोर बसतो तेव्हा त्याच्यापुढे आजची रक्कम असते. गाव एकत्र बसतं तेव्हा झरा, गायरान, देवराई आणि वाटाही पुढे येतात. दोघंही शहाणेच असतात, त्यांना विचारलेले प्रश्न वेगळे असतात.

ग्रामसभेला मी देवत्व देत नाही. तिथे भावकीचं राजकारण चालतं, बायका मागच्या रांगेत बसतात, गवळी धनगरांच्या वरच्या वाडीला खालचं गाव हिशेबात धरत नाही, आणि जमिनीचा पहिला एजंट बऱ्याचदा गावातलाच पुढारी असतो. कोरम भरल्याच्या खोट्या सह्या ही काही बातमी राहिलेली नाही. पण मंत्रालयातला निर्णय तरी कुठे धुतल्या तांदळाचा असतो? ग्रामसभेतला अन्याय करणारा माणूस निदान रोज पाणवठ्यावर दिसतो. शिवाय विक्रीच्या परवानगीसाठी गावसभेबरोबर वाडीनिहाय सभेची आणि महिलासभेची संमती सक्तीची केली, तर हे दोष नाहीसे होणार नाहीत, तरी महाग होतील.

राहिला तो शहर सोडून खरोखर डोंगरात राहायला येणारा माणूस. तो थोडा आहे, पण आहे: कुणी शाळा चालवतो, कुणी वैद्यकी करतो, कुणी नुसताच शांतपणे शेती करतो. त्याला बाहेरचा म्हणून अडवणं अन्यायाचं होईल, आणि गावाचं नुकसानही. त्याच्यासाठी अट जन्माची न ठेवता वास्तव्याची ठेवावी. आधी भाड्याने राहावं, पोरांची नावं गावच्या शाळेत घालावीत, काही पावसाळे काढावेत. मग घरापुरती जमीन घ्यायचा हक्क त्याला मिळावा. ज्याला डोंगरात राहायचं आहे त्याला ही अट जाचक वाटणार नाही. ज्याला फक्त डोंगर आपल्या नावावर हवा आहे त्याला ती असह्य वाटेल, आणि अट ठेवायची ती त्या दोघांना वेगळं करण्यासाठीच.

आता प्रश्न उरतो विकणाऱ्याचा, आणि तो विकणारा बहुधा गावात नसतोच. जावळी-पाटणची माणसं दोन पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदामांत राबली. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच, आणि १९६९ चा माथाडी कायदा त्यांच्या चळवळीचं फळ. तेव्हा पुरुष मुंबईत आणि बाई शेतावर अशी विभागणी होती. बाईने त्याची जबर किंमत मोजली, पण जमीन सुटली नाही, कारण १९८२ च्या गिरणी संपासारखी वेळ आली की परतायला तीच होती. आज तिसरी पिढी कोपरखैरण्यात जन्मलेली आहे. सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं, त्यांतली निम्मी एकमेकांना ओळखत नाहीत, आणि जत्रेला येणारा वारस स्वतःच दोन दिवसांचा पाहुणा. ही जमीन तो गावातल्या भावकीला कसायलाही देत नाही, कारण १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाची आठवण घराघरांत आहे: कसेल त्याची जमीन झाली तर? तो कूळकायदा सपाटीवरच्या कुळांना न्याय देऊन गेला, त्याबद्दल वाद नाही. पण डोंगरात त्याच्या धाकाने खाचरं पडीक पडली. जमीन कसता येत नाही, भाड्याने देता येत नाही, आणि चाळीस सह्या गोळा करण्याची चिकाटी फक्त बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या एजंटकडे असते. म्हणून ती त्याच्याकडे जाते. लोभापेक्षा इथे वाट नसणं जास्त कारणीभूत आहे. कूळहक्क लागणार नाही अशा हमीने गावातल्याला मुदतीचा करार करता आला, विक्री करायचीच झाली तर पहिली मागणी भावकीची, मग गावाची, मग बाहेरच्याची असा क्रम कायद्याने घातला, तर बरेच व्यवहार बाहेर जाण्याआधीच मिटतील. अर्थात हक्क असून गावातल्याच्या खिशात पैसे नसतील तर तो क्रम कागदावर राहील. त्यासाठी जिल्हा सहकारी बँकेमार्फत लांब मुदतीचं कर्ज आणि त्याच्या व्याजाला सरकारी आधार लागेल. २३५ गावांच्या रस्त्यांसाठी जो खर्च धरला जाईल, त्याच्या शेजारी हा आकडा फारच लहान दिसेल. आराखडा अंतिम होण्याआधी तो त्यात घातला जावा, ही हरकत म्हणून नोंदवता येईल, सूचना म्हणूनही.